तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्याला एक ईसीजी यंत्र द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



हे पत्र तळेगावहून लिहिते आहे. दाभाड्यांचं तळेगाव वेगळं, दशासरचं वेगळं; आमचं तळेगाव श्यामजी पंतांचं, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं. नागपूरहून अमरावतीला जाताना कारंजा (घाडगे) मागे पडलं की महामार्गावर आमचं गाव येतं, इथे एसटीचं आगार आहे. १९४२च्या हुतात्म्यांमुळे आष्टी तालुका राज्याला ठाऊक आहे आणि संत्र्यांमुळे व्यापाऱ्यांना. माझं मागणं फार मोठं नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या जनावरांच्या दवाखान्यात एक ईसीजी यंत्र असावं आणि त्यातून निघालेला आलेख वाचून देणारा एक जाणकार असावा. तो जाणकार नागपुरात बसलेला असला तरी चालेल.

आमच्या घरच्या कुत्र्याला, भुऱ्याला, हृदयाच्या ठोक्यांचा विकार असल्याचं नुकतंच कळलं. त्यातून जे शिकले ते आपल्यापर्यंत पोचवावं, आणि ज्यांच्या घरी असाच एखादा भुऱ्या आहे त्यांच्याही कामी यावं, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते.

भुऱ्या आमच्या संत्र्याच्या बगिच्याचा राखणदार. लॅब्राडोरचं रक्त आहे, पण वाढला गावठी कुत्र्यासारखा. अंगाने थोराड. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रात्री जागलीला निघाले की तो त्यांच्या चार पावलं पुढे. रानडुकराची चाहूल माणसाच्या आधी त्याला लागायची. पावसाळा सरला आणि तो जागलीला निघेना. फाटकापर्यंत जायचा आणि बसायचा. रात्री ठसका लागायचा. खाणं कमी झालं तरी पोट मात्र फुगत चाललं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, दुसऱ्या हाताची बोटं मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला ठेवून नाडी धरली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी मामाजींचा हात धरून त्यांची बोटं त्या नाडीवर ठेवली. छातीतले ठोके आणि मांडीतले ठोके जुळत नव्हते. छातीत जास्त, मांडीत कमी. काही ठोके इतके दुबळे आणि घाईचे होते की त्यांनी ढकललेलं रक्त पायापर्यंत पोचतच नव्हतं. "हे हृदयाचं आहे. पण आलेख काढल्याशिवाय मी गोळी देणार नाही," असं ते म्हणाले.

त्या वाक्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. हातातल्या साधनांनी जेवढं कळू शकतं तेवढं त्यांनी ओळखलं, आणि जिथे साधन नाही तिथे अंदाजाने औषध दिलं नाही.

अंदाज इथे का चालत नाही, हे मला नंतर उमगलं. कुत्र्याच्या हृदयाचा ताल निरोगीपणीही थोडा अनियमित असतो. श्वास आत घेताना ठोके जलद होतात, सोडताना मंदावतात. त्यामुळे कानाला अनियमित लागलेलं सगळंच आजार नसतं. खरा बिघाड असला तरी तो एकाच प्रकारचा नसतो. कुणाचे ठोके फार जलद, कुणाचे फार मंद. कुणाच्या वरच्या कप्प्यांतून खाली येणारा इशारा अध्येमध्ये अडकतो, तर कुणाचे खालचे कप्पे मधूनच स्वतःच्या मर्जीने ठोका देतात. ठोके मंदावणारं औषध एका कुत्र्याला वाचवतं आणि ज्याच्या हृदयातला इशारा आधीच अडकलेला आहे त्याला मारू शकतं. कानाने हे दोघे नेहमीच वेगळे ओळखू येत नाहीत. कागदावरच्या रेघेत ते वेगळे दिसतात.

तर आम्ही नागपूरला गेलो. गावातून शंभरेक किलोमीटर. आजारी, मोठ्या अंगाच्या कुत्र्याला न्यायचं तर खासगी गाडीच करावी लागते, आणि धापा टाकणाऱ्या जिवाला कोंढाळीपर्यंतचे हेलकावे सोसवत नाहीत. तिथे गेल्यावर प्रत्यक्ष तपासणी किती साधी निघाली! भुऱ्याला उजव्या कुशीवर निजवलं, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या जवळच्या कातडीला स्पिरिट लावून चिमटे बसवले. भूल नाही, सुई नाही, केस भादरणं नाही. मामाजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते. काही मिनिटांत कागद बाहेर आला. ठोके मिनिटाला दोनशेच्या वर आणि दोन ठोक्यांमधलं अंतर कुठेच सारखं नाही. निरोगी मोठ्या कुत्र्याचे ठोके विश्रांतीत साधारण ६० ते १४०च्या दरम्यान असतात. सोनोग्राफीत हृदय फुगलेलं आणि त्याच्या भिंती पातळ झालेल्या दिसल्या. विकाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात, आणि त्या थरथरीतून जे इशारे कसेबसे खाली उतरतात त्यांवर खालचे कप्पे वाटेल तसे चालतात. मामाजींनी घरी आल्यावर शेजाऱ्यांना सांगितलं, "भजनात खंजिरी लहान पोराच्या हाती देली तं कशी वाजन, तशी त्याची छाती वाजते." गुरुकुंज मोझरी आमच्याकडून जवळ, खंजिरीची समज इथे सगळ्यांना आहे. कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मंत्रिमहोदय, हे यंत्र नवं नाही आणि दुर्मीळही नाही. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख पहिल्यांदा काढला. हा शोध ते लोकांना दाखवायचे तो पुष्कळदा आपल्या घरच्या बुलडॉगवर. त्याचं नाव जिमी. जिमी मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून शांत उभा राहायचा आणि त्याच्या हृदयाची हालचाल यंत्रावर उमटायची. १९०९ साली रॉयल सोसायटीत हे प्रात्यक्षिक झालं. त्यावरून कुणीतरी ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला, की हा कुत्र्याचा छळ नव्हे काय? गृहमंत्री ग्लॅडस्टन यांना सभागृहात उभं राहून सांगावं लागलं, की भांड्यात साधं मिठाचं पाणी होतं आणि कुत्र्याला कसलीही इजा झाली नाही. मला या प्रसंगातलं दोन्ही भावतं: एका पाळीव कुत्र्याच्या पायाला काही झालं का याची विचारपूस करणारी संसद, आणि माणसांच्या हृदयशास्त्राच्या उंबरठ्यावर उभा असलेला तो कुत्रा. पुढे १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर आला, तोही आधी कुत्र्यावर तपासला गेला आणि मग एका लहान मुलाला लावला गेला. आज आपल्या ग्रामीण रुग्णालयांतही माणसांचा ईसीजी निघतो. त्या विद्येची पहिली पावलं ज्यांच्या अंगावर उमटली, त्यांना तिचा लाभ तालुक्याच्या पातळीवर मिळावा, हे मागणं मला अवाजवी वाटत नाही.

आलेख दुरून वाचण्याची सोयही तितकीच जुनी आहे. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंथोव्हेन यांचं यंत्र इतकं अवजड होतं की ते रुग्णालयात हलवता येईना. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयातल्या रोग्याच्या हृदयाचे विद्युत इशारे टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणले, सुमारे दीड किलोमीटरवरून. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. तारेवरून जे तेव्हा जमलं ते आपल्या खिशातल्या फोनवरून आज सहज जमतं. माणसांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाने हृदयविकाराच्या झटक्यांसाठीच्या स्टेमी प्रकल्पात हेच केलं आहे. लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी लगोलग दूरच्या तज्ज्ञाकडे जातो आणि उत्तर परत येतं. जनावरांसाठी याहून वेगळं काही उभारायचं नाही.

आता गावात मला जे विचारलं जातं ते आपल्या कार्यालयातही विचारलं जाईल. "माणसायले डाक्टर भेटत नाही अन् तुम्ही कुत्र्याच्या काळजाचं काय घेऊन बसल्या?" हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. आमच्या भागात कापसाचा भाव पडतो, संत्र्याची फळगळ होते, माणसं खरोखर अडचणीत आहेत. म्हणून मी उत्तर भुऱ्यापुरतं देत नाही, सगळ्या गोठ्यांसाठी देते.

एट्रियल फिब्रिलेशन गायींनाही होतं. गायींमधल्या ठोक्यांच्या बिघाडांत तेच सर्वाधिक आढळतं. बहुधा ते पोटाच्या आजाराबरोबर येतं आणि पोट ठीक झालं की पुष्कळदा आपोआप जातं. म्हणजे आलेख पाहणाऱ्या डॉक्टरला कळतं की इथे हृदयाचं औषध घालायची घाई नको, आधी पोट बघू. चाऱ्यातून गिळलेली तार किंवा खिळा जाळीच्या पोटातून पुढे सरकून हृदयाच्या आवरणात शिरतो, हे तर प्रत्येक जुन्या गुराख्याला ठाऊक आहे. आवरणात पू-पाणी साचलं की आलेखातल्या रेघा खुज्या होतात. व्यालेल्या गायीला दुग्धज्वर आला की शिरेतून कॅल्शियम देतात. ते वेगाने गेलं तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं, म्हणून चांगले डॉक्टर एका हाताने बाटली आणि दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप धरून बसतात. कापूस-तुरीच्या पट्ट्यात फवारलेला पाला जनावराच्या तोंडी गेला तर काही कीटकनाशकांनी ठोके फार मंदावतात. त्यावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन किती आणि कधीपर्यंत द्यायचं, हे ठरवताना हृदयावर सतत नजर लागते.

आणि कण्हेर. आमच्याकडे घराच्या आवारात, देवळापाशी, रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर आहेच. तिची थोडी पानंही शेळीच्या किंवा गायीच्या हृदयाचा ताल बिघडवून तिला मारायला पुरेशी असतात. हे विष ज्या रासायनिक कुळातलं, त्याच कुळातलं औषध आज माझ्या भुऱ्याच्या गोळीत आहे: डिगॉक्सिन. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिसच्या झाडाचा उपयोग १७८५ साली लिहून ठेवला, तेव्हापासून वैद्यकाला हे माहीत आहे, की या द्रव्यांत औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा अगदी शेजारी राहतात. अशा औषधावर जगणाऱ्या जिवाचा आलेख पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. त्या प्रत्येक वेळी शंभर किलोमीटर जायचं आणि तितकंच यायचं, हे घरच्या माणसांना एक वेळ जमेल, पण फुगलेल्या हृदयाच्या कुत्र्याला नाही.

आष्टी, आर्वी, कारंजा हा पट्टा गवळाऊ गुरांचा आहे. हेटीकुंडीचं पैदास केंद्र आपल्याच खात्याने या जातीसाठी सांभाळलेलं. त्या बैलाच्या छातीवरही हेच चिमटे लागतात.

घरी आम्ही आता कसे राहतो, तेही सांगते. आपल्याला उपयोग नसला तरी हे पत्र वाचणाऱ्या एखाद्या घराला होईल.

निदान झालं त्या रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही. माझा मुलगा पुण्याला असतो, त्याने फोनवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: किती दिवस? डॉक्टरांनी दिवस सांगितले नव्हते. ठोके काबूत आले तर पुढचा काळ बरा जाईल आणि तो किती, हे हृदयाच्या पुढच्या वागण्यावर आहे, इतकंच सांगितलं होतं. पहिले काही दिवस आम्ही सगळे त्याच्याकडे सारखे बघत बसायचो. तो झोपला की भीती वाटायची, उठला की वाटायची. कुत्रा माणसाचं तोंड वाचतो. आमच्या अशा बघण्याने तोच अस्वस्थ होऊ लागला. मग मामाजींनी घरात ठरवून दिलं, की काळजी वहीत लिहायची आणि त्याच्याशी वागायचं पूर्वीसारखं.

ती वही म्हणजे आमचा आधार आहे. तिच्यात रोज दोनच मुख्य नोंदी. एक, झोपेतला श्वास. तो गाढ झोपला की पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून छातीचं वर-खाली होणं मोजायचं. कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला ३०च्या आत असावा. तो चढता राहिला आणि ३०च्या वर टिकला, तर फुप्फुसात पाणी साचत असल्याची ती सगळ्यात लवकर मिळणारी सूचना असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा असतो. याला यंत्र लागत नाही, शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. हृदयविकाराच्या प्रत्येक कुत्र्याच्या घरात हे व्हायला हवं. दुसरी नोंद भुकेची. डिगॉक्सिन जास्त होऊ लागलं की आधी अन्नावरची वासना जाते, मग उलट्या. म्हणून भाकरी उरली तर ती किती उरली हेसुद्धा लिहितो. औषध सुरू होऊन आठवडाभर झाला की गोळीनंतर सहा ते आठ तासांनी रक्त काढून त्यातलं प्रमाण पाहतात. मूत्रपिंडं आणि पोटॅशियमही बघतात.

डिगॉक्सिनच्या जोडीला डिल्टियाझेम आहे. दोन्ही मिळून ठोके आवाक्यात ठेवतात, एकट्याने तितकं जमत नाही. पोटातलं पाणी उतरवायला फ्युरोसेमाइड, हृदयाला जोर द्यायला पिमोबेंडान. यांतल्या बऱ्याच गोळ्या माणसांच्याच आहेत, मेडिकलवर मिळतात, फक्त त्यांची अर्धी किंवा पाव करावी लागते. पिमोबेंडान आम्हाला नागपूरहून मागवावी लागते. ती संपत आली की घरात जी धावपळ होते, ती जिल्ह्याच्या ठिकाणी साठा असला तर होणार नाही. माणसांच्या गोळ्या जुळतात म्हणून घरातल्या कुणाच्या उरलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या कुत्र्याला देऊन बघाव्यात, असं मात्र कुणी करू नये. मात्रा वेगळी, कारण वेगळं.

ठोके किती खाली आणायचे याचंही शास्त्र आहे. चोवीस तासांची सरासरी मिनिटाला १२५च्या आत राहिली तर असे कुत्रे जास्त काळ जगतात, असं अभ्यासात दिसलं आहे. ही सरासरी दवाखान्यात कळत नाही, कारण दवाखान्यात प्रत्येक कुत्रा घाबरलेला असतो. त्यासाठी अंगावर जाकीट चढवून त्यात हॉल्टर नावाची लहानशी नोंदणी-पेटी एक दिवस-रात्र ठेवतात. डॉबरमन आणि बॉक्सर पाळणाऱ्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा. या जातींत खालच्या कप्प्यांचे भलते ठोके बाहेर काही न दाखवता वाढत जातात आणि काही कुत्रे आजारी न दिसताच जातात. चोवीस तासांची नोंद त्यांचा धोका आधी सांगू शकते.

आणखी एक गोष्ट गावोगाव पोचायला हवी. कुत्रा अचानक कोसळला की आपल्याकडे सरसकट मिरगी म्हणतात. मिरगीत कुत्रा बहुधा ताठरतो, पाय मारतो, लाळ गळते, आणि शुद्धीवर आल्यावरही बराच वेळ भांबावलेला असतो. हृदय अडखळल्याने जो कोसळतो तो बहुधा धावताना किंवा उत्तेजित झाल्यावर लुळा पडतो आणि काही क्षणांत उठून भानावर येतो. ठाम भेद डॉक्टरच करतील, पण फोनवर काढलेलं त्या क्षणाचं चित्रीकरण त्यांना फार मदत करतं. दिल्लीत २०२० च्या डिसेंबरमध्ये खुशी नावाच्या कॉकर स्पॅनियल कुत्रीला पेसमेकर बसवला गेला. भारतात पाळीव कुत्र्यावरची अशी ती पहिलीच शस्त्रक्रिया म्हणून तिची बातमी झाली होती. तिचे ठोके मिनिटाला २० पर्यंत उतरले होते. तिच्या कोसळण्याला कुणी मिरगी म्हणून गोळ्या सुरू केल्या असत्या, तर ती वाचली नसती. किती गावांत किती खुशी मिरगीच्या नावाखाली गेल्या असतील, या विचाराने माझा जीव कासावीस होतो.

उन्हाळ्याची चिंता वेगळीच. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि ती धाप अशा हृदयाला झेपत नाही. ओट्याच्या सावलीला त्याची जागा केली आहे, ओलं पोतं अंथरतो, फिरणं सूर्य उगवायच्या आधी. जागल मात्र बंद. मामाजी रात्री निघताना फाटक ओढून घेतात, आणि भुऱ्या आतून आवाज देतो. ते ऐकवत नाही. तरी मामाजी जातात, कारण डुकरं कुणासाठी थांबत नाहीत.

आपल्या राज्यात जनावरांसाठी काहीच नाही, असं मी म्हणत नाही. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं, नागपूरचं १९५८ चं. २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं, त्याचं मुख्यालय आमच्याच नागपुरात. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथल्या करुणाश्रमात जखमी, पोरक्या प्राण्यांना आसरा मिळतो. १९६२ हा क्रमांक फिरवला की फिरता दवाखाना दारी येतो. सरकार कुत्र्यांना मोजतंही: पशुगणनेत गायी-म्हशींबरोबर त्यांचाही रकाना असतो. पण मोजणीनंतर त्यांच्या वाट्याला खात्याकडून येतं ते मुख्यतः रेबीजची लस आणि नसबंदी. ती दोन्ही हवीच, माणसांच्या सुरक्षेसाठी हवी. फक्त तिथेच थांबू नये.

म्हणून विनंती अशी. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आणि तालुका लघु सर्वचिकित्सालयांत हातात मावणारं ईसीजी यंत्र द्यावं, आणि सुरुवात वर्धा जिल्ह्यापासून करावी. फिरत्या दवाखान्याच्या गाडीतही एक ठेवावं. गोठ्यातल्या आडव्या पडलेल्या गायीला दवाखान्यात आणता येत नाही. आलेख वाचण्याचं काम विद्यापीठाकडे सोपवावं. नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला इथल्या महाविद्यालयांत पशुऔषधशास्त्राचे प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. रोज ठरलेल्या वेळी आलेले आलेख बघून त्यांनी दोन ओळींचं उत्तर पाठवावं. विद्यार्थ्यांना एरवी न दिसणारे रुग्ण दिसतील आणि तालुक्याच्या डॉक्टरला पाठबळ मिळेल. पशुधन विकास अधिकाऱ्यांसाठी दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. चिमटे लावायला पशुधन पर्यवेक्षकांनाही शिकवता येईल. जिल्ह्याला एक-दोन हॉल्टर पुरतील, ते पाळीपाळीने देता येतील. पिमोबेंडानसारख्या औषधांचा थोडा साठा जिल्ह्याला ठेवावा, आम्ही विकत घेऊ.

फुकट काही मागत नाही. यंत्राच्या वापराचं वाजवी सेवाशुल्क ठेवा, लोक देतील. नागपूरच्या एका फेरीचं गाडीभाडं त्याहून जास्त होतं.

ज्या डॉक्टरांनी मामाजींची बोटं भुऱ्याच्या मांडीवर ठेवली, तसे जाणते डॉक्टर तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांना कानांनी ऐकू येतं, बोटांनी कळतं, आणि पुढे जायला साधन नसतं म्हणून ते पशुपालकाला शहराची वाट दाखवतात. ज्यांना ती वाट परवडत नाही ते घरी परततात. या वर्षीच्या खरेदीत आमच्या तालुक्याचं नाव घातलंत, तर यंत्र आल्याच्या पहिल्या आठवड्यात भुऱ्याचा पुढचा आलेख तिथेच काढायची आमची तयारी आहे. त्याच्या वहीच्या प्रतीसुद्धा विद्यापीठाला हव्या असतील तर मामाजी द्यायला तयार आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक पशुपालक
तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा